छत्रीखालची राष्ट्रीय सुरक्षा

देगलूरच्या आमच्या कॉलेजात राष्ट्रीय सुरक्षा पहिल्या तासाच्या घंटेबरोबर यायची, दारामागच्या खुंटीला छत्री अडकवायची आणि चहा आला का म्हणून विचारायची. एखाद्या दिवशी खुंटी रिकामी दिसली की आम्ही म्हणायचो, आज राष्ट्रीय सुरक्षा किरकोळ रजेवर आहे. संरक्षणशास्त्राच्या सरांना हे नाव कुणी ठेवलं ते आता आठवत नाही. सरांना ते माहीत होतं आणि त्यांची हरकतही नव्हती. 'मेजर' म्हटलेलं मात्र त्यांना खपायचं नाही. नव्यानं रुजू झालेल्या एका प्राध्यापकानं मोठ्या आदरानं विचारलं होतं, "सर, सैन्यात किती वर्षं होतात?" सर म्हणाले, "एकही नाही. म्हणून तर शिकवायला वेळ मिळाला."

विभागाचे ते प्रमुख होते, आणि विभागात दुसरं कुणीच नसल्यामुळे त्यांच्या प्रमुखपदाला धोका नव्हता. भिंतीवर देशाचा नकाशा, कपाटात उत्तर सोडून सगळ्या दिशा दाखवणारं एक होकायंत्र, आणि समोर पोलीसभरतीची किंवा सैन्यभरतीची तयारी करणारी मुलं. ही मुलं पहाटे उदगीर रस्त्यावर पळून यायची आणि तासाला झोपायची. मी मराठी शिकवतो. आमच्या दोघांच्याही विषयाला मुलं दुसरं काही मिळालं नाही म्हणून येतात, एवढ्या धाग्यावर आमची मैत्री जमली.

सरांचा फोन बटणांचा होता. तो वाजला की ते उचलून कानाला लावायचे आणि गप्प राहायचे. पलीकडचा माणूस 'हॅलो, हॅलो' करून दमायचा आणि शेवटी स्वतःचं नाव सांगायचा. मग सर म्हणायचे, "बोला." स्वतःचं नाव त्यांनी फोनवर उच्चारलेलं मी कधी ऐकलं नाही. वहिनी सांगायच्या, "आमचं जमायच्या टायमाला माझ्या वडलांनी फोन केलता. ह्येंनी नावच सांगितलं न्हाई. वडील म्हनले, पोरगा लाजाळू हाय, करून टाकू."

कुठं निघालात विचारलं तर उत्तर ठरलेलं, "जरा इकडं." परत आल्यावर कुठं गेला होतात विचारलं तर, "जरा तिकडं." मूळचे ते चाकूरकडचे, हेसुद्धा मला वहिनींकडून कळलं. फोटो काढायचा म्हटलं की ते चष्मा पुसायला घ्यायचे, आणि फोटो काढून होईपर्यंत तो पुसून व्हायचा नाही. आणि ती छत्री. पावसाळ्यात ठीक, उन्हाळ्यातही ठीक. पण डिसेंबरच्या कोवळ्या उन्हात सगळं देगलूर पाठ शेकत बसलेलं असताना हा माणूस काळी छत्री उघडून रस्त्यानं जायचा. कारण विचारलं तर बोट आभाळाकडे करून म्हणायचे, "वरून बघणारे वाढलेत."

हजेरी घेण्याची त्यांची पद्धत सगळ्या तालुक्यात माहीत होती. त्यांच्या तासाला 'हजर सर' चालत नसे. दर वर्षी पहिल्या दिवशी ते वर्गाला एक खूण द्यायचे. खूण म्हणजे एक प्रश्न आणि त्याचं आधीच ठरवलेलं, मुद्दाम चुकीचं उत्तर. ते वहीत लिहायचं नाही, शेजारच्या वर्गाला सांगायचं नाही. एका वर्षी प्रश्न होता, मांजरेला पाणी किती? त्याचं उत्तर, चहापुरतं. त्या पावसाळ्यात मांजरा नदी पुलाला लागली होती आणि वर्गात मुलं एकामागून एक उभी राहून 'चहापुरतं, चहापुरतं' म्हणत होती. गावाकडून पोहत आल्यासारखा आलेला एक मुलगा तळमळून म्हणाला, "सर, लई पूर आलाय." सरांनी त्याची गैरहजेरी लावली.

या खुणेला एक पोटनियम होता. ते मुलांना सांगायचे, "ओळखीचा माणूस खूण चुकला, तर तो माणूस खोटा आहे असं लगेच समजू नका. त्याला कुणीतरी बोलायला लावलंय असं समजा. त्याच्या मागं कोण उभं आहे ते बघा." मुलं माना डोलवायची. आम्ही स्टाफरूममध्ये हसायचो. जुन्या काळच्या किल्ल्यावर शोभणारी ही विद्या देगलूरच्या बसस्टँडवर कुणाच्या उपयोगाला येणार होती?

एकदा नांदेडला राष्ट्रीय चर्चासत्र होतं. विषय 'उदयोन्मुख तंत्रज्ञान, सामाजिक परिवर्तन आणि राष्ट्रीय सुरक्षा'. पाहुण्यांच्या हस्ते विजेवर जळणाऱ्या समईचं बटण दाबून प्रज्वलन झालं. मग बीजभाषण झालं, त्यात 'आव्हाने' आणि 'संधी' हे शब्द आळीपाळीनं येत होते. सगळ्यांचं लक्ष मंडपामागून येणाऱ्या जिलबीच्या वासाकडे लागलं असताना सरांचं नाव पुकारलं गेलं. त्यांच्या हातात कागद नव्हता. ते म्हणाले, "प्रत्येकानं आपला फोन उघडा करून शेजाऱ्याच्या हातात द्यावा. जेवण होईपर्यंत." सभागृह हसलं. सर थांबले. हसणं संपलं तरी ते उभेच होते. एकानंही फोन दिला नाही. माझ्या शेजाऱ्यानं तर खिशावर हात ठेवला. सर म्हणाले, "शेजारी तुमचा सहकारी आहे, शत्रू नाही. त्याच्या हातात जे देववत नाही, ते आपण कुणाकुणाच्या हातात देऊन बसलोय, याचा जेवताना विचार करा. माझा निबंध संपला." अध्यक्ष समारोपात म्हणाले की सरांनी विषयाला स्पर्श केला. जेवताना मी पाहिलं, लोक जिलबीचे फोटो काढत होते.

दुसरी गोष्ट फ्लेक्सची. तिचं पुढं कारण पडणार आहे म्हणून जरा नीट सांगतो. सरांचा एक विद्यार्थी सैन्यात भरती झाला, प्रशिक्षण संपवून पहिल्या सुट्टीवर आला आणि गावानं त्याचा सत्कार ठेवला. गावाचं नाव सांगत नाही. आमच्याकडं सत्कार म्हणजे आधी फ्लेक्स. वेशीत दोन बांबूंवर मोठा फलक होता. त्यावर मुलाचा वर्दीतला फोटो, पलटणीचं नाव, नेमणुकीचं ठिकाण, सुट्टी संपून परत जायचा दिवस, जायची गाडी, आणि खाली शुभेच्छुकांचे गोल गोल चेहरे. सर प्रमुख पाहुणे होते. त्यांनी तो फलक वरपासून खालपर्यंत वाचला, ग्रामपंचायतीच्या भिंतीला रंग देणाऱ्याकडून चुन्याचा डबा आणि कुंचला घेतला, आणि शिडीवर चढले.

बँजो वाजायचा थांबला. मुलाचे वडील, ज्यांना गाव तात्या म्हणायचं, शिडीखाली येऊन उभे राहिले.

"सर, पोराचं कौतुक पुसून राहिलाव का?"

"कौतुक ठेवलंय तात्या. पत्ता पुसला."

"खाली उतरा."

"एवढी गाडी राहिली."

गाडी पुसून झाल्यावरच सर उतरले. शुभेच्छुकांचे चेहरे त्यांनी तसेच ठेवले; त्यांच्यापासून देशाला धोका नाही, असं नंतर मला म्हणाले. तात्यांनी त्यांना सत्काराचा नारळ दिला नाही. त्या दिवसापासून बाजारात सर दिसले की तात्या रस्त्याच्या दुसऱ्या बाजूनं जायचे. मुलानं मात्र परत गेल्यावर सरांना फोन केला. सर नेहमीप्रमाणे गप्प राहिले, त्यानं नाव सांगितलं, सर म्हणाले, "बोला," आणि तो पोरगा म्हणाला, "सर, बरं केलं."

मग टाळेबंदी आली. कॉलेज फोनवर भरायला लागलं. सरांना मोठा फोन घ्यावा लागला, पण कॅमेऱ्यावर त्यांनी वैद्यकीय चिकटपट्टी लावली. पडद्यावर मुलांना फक्त एक काळा चौकोन दिसायचा आणि त्यातून आवाज यायचा. तो आवाज जरा घोगरा, सावकाश आणि प्रत्येक वाक्यानंतर थांबणारा होता. मुलं तास साठवून ठेवायची, कारण परीक्षेत तेच यायचं. कॉलेज उघडल्याच्या दिवशी सरांनी तो फोन कपाटात होकायंत्राशेजारी ठेवला आणि पुन्हा बटणांचा काढला. चेहरा त्यांनी कुणाला दिला नाही. आवाज मात्र तालुक्याच्या निम्म्या फोनमध्ये राहिला.

सरांच्या नोकरीचं शेवटचं वर्ष होतं. दुपारची सुट्टी. आमचे शिपाईमामा चहाचे पेले घेऊन आले आणि सरांकडे कौतुकानं बघत म्हणाले, "सर, तुमचं भाषन लई फिरून राहिलंय. आमच्या मेव्हन्याच्या गावात तर धरलेबी त्येंनी."

"कसलं भाषण?"

मामांनी फोन टेबलावर ठेवला. सरांचाच आवाज आला. घोगरा, सावकाश, प्रत्येक वाक्यानंतर थांबणारा. आधी सरांचं पूर्ण नाव, मग पद, मग कॉलेज. पुढं असं, की तालुक्यात परकी माणसं ड्रोन घेऊन फिरत आहेत, घरांचे आणि शिवाराचे फोटो काढून देशाबाहेर पाठवत आहेत, कागदपत्रं दाखवतील ती खोटी असतील, सापडले तर सोडू नका, पोलिसांची वाट बघू नका.

इतिहासाचे सर फक्त म्हणाले, "छान बोललात." सर फोनकडे बघत होते. ते म्हणाले, "मी फोनवर नाव कधी सांगितलंय?" मग मामांना विचारलं, "धरले म्हणजे कुणाला धरले?"

"दोन पोरं हायेत म्हनं. नदीकडच्या गावात. मारलंबी हाय थोडं."

मामांनी गावाचं नाव सांगितलं. फलकाचंच गाव. सरांनी खुंटीवरची छत्री घेतली आणि आयुष्यात पहिल्यांदा, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की ते कुठं चालले आहेत. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "गाडी काढा. मामा, तुम्ही पोलिसांना फोन करा. स्वतःचं नाव सांगून करा."

वाटेत ते मागं बसून एकदाच बोलले. "जुनी मुलं सगळी तिथंच आहेत," एवढंच.

गावात शाळेसमोर कडुनिंब आहे. त्याच्या जवळच्या मोकळ्या जागेत माणसांचं कडं होतं. आत दोन तरुण जमिनीवर बसलेले. एकाच्या कानातून रक्त येऊन कॉलरवर सुकलं होतं. दुसऱ्यानं ड्रोनची पेटी पोटाशी धरली होती. ते गावठाणाची मोजणी करायला आले होते, घरांचे नकाशे करायला. कंत्राटदारानं पाठवलेली ओडिशाची पोरं. त्यांच्यासोबतचे तलाठी तालुक्याला बैठकीला गेले होते. आमच्या देगलूरकडं मराठीत भाव विचारून तेलुगूत घासाघीस करणारी आणि कन्नडमध्ये कुरकुरत पैसे देणारी माणसं रोज भेटतात, उर्दू तर घरचीच. पण घाबरलेली ही पोरं एकमेकांशी जे बोलत होती ते या चारींपैकी काहीच नव्हतं, आणि तेवढ्यावर गावाची खात्री पटली होती. त्यांनी मोजणीचं पत्र दाखवलं होतं. ते वाचून परत त्यांच्या अंगावर फेकलं होतं. कागद तर कुणीही छापतो, हे गावातल्या निम्म्या तरुणांना सरांनीच शिकवलं होतं. कड्यात काही जणांच्या हातात काठ्या होत्या आणि मागून कुणीतरी सारखं म्हणत होतं, "आता कामून थांबलाव? सरांनी काय सांगितलंय?"

सरपंच तरुण होता, सरांचा विद्यार्थी. सरांना बघून त्यानं सवयीनं चप्पल काढली.

"सर, तुम्ही कामून तरास घेतलाव? आमी धरून ठिवलेत की."

"सोड त्यांना. तो आवाज माझा नाही."

"तुमचाच हाय सर. टाळेबंदीत दोन वर्षं तोच ऐकलाय. हे बगा, फोनमंदी हाय."

"यंत्रानं बनवलेला आहे. माझे जुने तास घेऊन कुणीतरी केलाय."

सरपंच विचारात पडला. कड्यातले सगळे त्याच्याकडं बघत होते. त्यानं सरांकडं नीट निरखून पाहिलं, मग माझ्याकडं, आणि सावकाश विचारलं, "सर, मांजरेला पाणी किती?"

सर थांबले. मला ते प्रकरण लख्ख आठवत होतं, पण मी बोलून उपयोग नव्हता. सर आठवत होते. दर वर्षाची नवी खूण, इतकी वर्षं, इतकी मुलं, आणि समोर काठ्या. त्यांनी नदीच्या दिशेनं पाहिलं आणि जे खरं होतं ते सांगितलं.

"यंदा बरं आहे."

सरपंचाचा चेहरा बदलला. त्यात राग नव्हता, काळजी होती. तो वळून म्हणाला, "सर खून चुकले. सरांना कुनीतरी बोलायला लावून राहिलंय." मग सरांच्या अगदी जवळ येऊन हळूच म्हणाला, "घाबरू नका सर. आमी हाव ना." आणि त्यानं पुन्हा माझ्याकडं पाहिलं. सरांच्या मागं कोण उभं आहे हे त्यानं शिकवल्याप्रमाणं बघितलं होतं, आणि मागं मी उभा होतो. दोघंजण माझ्या मोटारसायकलची किल्ली काढून घेऊन गेले.

कड्यातली कुजबुज वाढली. एकानं काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. सरांनी एकदा सरपंचाकडं पाहिलं. त्यांची सगळी शिकवण त्यांच्यासमोर पैकीच्या पैकी गुण घेऊन उभी होती. मग त्यांनी छत्री उघडली, कडं ओलांडून आत गेले आणि त्या दोन पोरांच्या मधे मातीत मांडी घालून बसले. छत्री तिघांच्या डोक्यावर धरली.

"सर, तुम्ही उठा," सरपंच म्हणाला.

"का? मी खूण चुकलोय. मीसुद्धा संशयित आहे. पोलीस येईपर्यंत आम्ही तिघं इथं बसतो."

"तुमाला कोन काय म्हनून राहिलंय सर?"

"मग यांना तरी का म्हणताय? हे काय चुकले? यांना तर तू खूण विचारलीही नाहीस."

"तुम्ही उठा सर. उगं लागंल."

"लागू दे. काठीला कुठली भाषा कळते?"

त्या वेळी काहीही होऊ शकलं असतं. गर्दीत मागं असणाऱ्याला पुढं कोण बसलंय ते दिसत नाही, आणि ढकलणारे नेहमी मागंच असतात. छत्री एका बाजूला कलत होती. कान फुटलेल्या पोरानं दुसऱ्या बाजूनं दांडा धरला.

तेवढ्यात गर्दीच्या कडेनं तात्या आले. ते शेतातून येत होते. हातात कडब्याची पेंढी होती. काय चाललंय ते त्यांनी ऐकून घेतलं, आणि सरांवर कुणीतरी दबाव आणलाय हे वाक्य आल्यावर त्यांनी पेंढी खाली टाकली.

"ह्येंच्यावर? ह्या मानसावर दबाव?"

"खून चुकले तात्या."

"तुमची खून मला म्हाईत न्हाई. माझ्या पोराचा सत्कार चालू हाय, बँजो वाजून राहिलाय, आन् ह्यो मानूस शिडीवर चढून चुना मारून राहिलाय. खाली अख्खं गाव शिव्या देत हुतं. तू बी हुतास. उतरला का ह्यो? गाडीचं नाव पुसूनच उतरला. ह्येला कोन दबाव देनार? दिला असंल तर त्येचीच मला कीव येऊन राहिली."

कुणीतरी हसलं. पहिल्यांदाच.

"मग आता, तात्या?"

"मग काय? ह्यो न्हाई म्हनून राहिला तर न्हाई. मानूस लई वंगाळ हाय. पर तोंडावर बोलतो. फोनवर भाषनं करनारा न्हाई हा." हे सगळं ते सरांकडं न बघता बोलले. मग पेंढी उचलून तिथंच कडुनिंबाच्या बुंध्याला टेकून बसले, म्हणजे आता ते जाणार नव्हते.

काठ्या खाली आल्या. अजून कुणी हललं नव्हतं. सर त्या पेटीवाल्या पोराला हिंदीत म्हणाले, "उड़ाओ. इन सबको दिखाओ क्या दिखता है." पोराला ते खरं वाटेना. सरांनी पुन्हा सांगितलं. त्यानं पेटी उघडली, पडदा मांडीवर घेतला, आणि ते यंत्र गुणगुणत वर गेलं. आधी सगळे मागं सरले. मग पडद्यात काय दिसतंय ते बघायला पुढं आले, इतके पुढं की सरांना नीट श्वास घेता येईना.

"ही शाळा का?"

"ह्यो आमचा वाडगा. आमची म्हस दिसून राहिली बग."

"तिकडं घ्या की जरा, आमच्या शेतातल्या आखाड्याकडं."

एका म्हातारीनं तिच्या घराचं पत्र्याचं छप्पर कुठं गळतं ते वरून दिसतंय का, असं विचारलं. पोरानं यंत्र तिकडं नेलं. गळतं ते दिसलं नाही, पण गाव वरून कसं आहे ते सगळ्यांना दिसलं. मग एकजण म्हणाला, "आरं, ही भिंत रस्त्यात आली की." दुसरा म्हणाला, "आन् गायरानात हे नवं कुंपन कुनाचं?" सगळे पडद्यावर आणखी वाकले. सारखं 'कामून थांबलाव' म्हणणारा मागचा आवाज बराच वेळ ऐकू आला नव्हता, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. पोलीस आले तेव्हा कुंपणावरून दोन गटांत चांगलीच जुंपली होती, आणि आपल्याला याच भांडणासाठी बोलावलंय असं त्यांना वाटलं.

तो आवाज कुणी बनवला, याचा तपास चालू आहे असं तेव्हा सांगितलं होतं. आजही चालूच असेल. मोजणी झाली तर कुणाची अडचण होणार होती हे गावाला त्या दुपारी पडद्यावर दिसलं होतं, पण दिसणं आणि सिद्ध होणं यांत आपल्याकडं बरंच अंतर आहे. त्या पोरांना देगलूरच्या दवाखान्यात नेलं. सर त्यांच्याबरोबर गेले आणि टाके घालताना एकाचा हात धरून उभे राहिले. ओडिया त्यांना येत नव्हती.

माझी किल्ली सरपंचानं दोन्ही हातांनी परत केली.

दवाखान्यातून निघाल्यावर सरांनी गाडी नदीकडं घ्यायला सांगितली आणि पुलावर थांबवायला लावली. खाली पाणी होतं, संथ. त्यांनी कठड्यावरून वाकून बघितलं आणि म्हणाले, "चहापुरतं."

"आता आठवलं?"

"आता." मग पाण्याकडं बघतच, "मी त्यांना कशाकशावर विश्वास ठेवायचा नाही ते सगळं शिकवलं हो. कागदावर नाही, परक्यावर नाही, ओळखीच्यावरसुद्धा खूण जुळल्याशिवाय नाही. माणूस इतकं सगळं सोडून देऊन राहू शकत नाही. मग जे उरलं त्यावर तो सगळा भार टाकतो. यांच्याकडं माझा आवाज उरला होता."

"तात्यांनी ओळखलं की तुम्हाला."

"तात्यांना माझा राग येतो," ते म्हणाले. "राग यायला माणूस प्रत्यक्ष भेटलेला असावा लागतो."

त्या वर्षी उरलेल्या दिवसांत त्यांनी हजेरीला खूण विचारली नाही. मुलं उभी राहायची, 'हजर सर' म्हणायची, आणि सर चष्म्यातून प्रत्येकाच्या तोंडाकडं नको इतका वेळ बघायचे. मुलांना ते खुणेपेक्षा जड गेलं. निरोप समारंभाचा फ्लेक्स त्यांनी लावू दिला नाही. बाजारात तात्या अजूनही रस्त्याच्या दुसऱ्या बाजूनं जायचे. फक्त जाताना पलीकडून हात वर करायचे. सरही छत्री जराशी वाकवायचे.

निवृत्तीनंतर ते लातूरला गेले. शिकवण्यांच्या भागात वरच्या मजल्यावर भाड्यानं राहतात. खाली रस्त्यावर डॉक्टर होऊ घातलेली पोरं आणि पहिल्या आलेल्यांचे फ्लेक्स. पत्ता मला वहिनींनी दिला. मी दार वाजवलं तर आतून काही आवाज नाही. मी नाव सांगितलं. आतून सर म्हणाले, "बोला," आणि मग दार उघडलं.

खोलीत भिंतीवर एकच फोटो होता. ज्या माणसाच्या लग्नाचासुद्धा फोटो नाही, कारण ते तेव्हाही चष्मा पुसत होते असं वहिनी सांगतात, त्याच्या घरात चौकट करून लावलेला फोटो. जवळ जाऊन बघितलं. वरून काढलेला होता. पत्र्याची छपरं, कडुनिंबाचा हिरवा गोळा, आणि त्याच्याजवळ माणसांच्या डोक्यांचे ठिपके, एकमेकांना चिकटून, एका काळ्या वर्तुळाभोवती जमलेले.

"त्या पोरांनी पाठवला," सर म्हणाले. "यात मी कुठं आहे, सांगा."

मी काळ्या वर्तुळावर बोट ठेवलं. "हे काय. मधे तुम्ही, इकडं एक पोरगा, तिकडं एक."

सर उठून जवळ आले. चष्मा वर करून, फोटोला नाक लागेल इतकं वाकून त्यांनी बघितलं.

"छत्री आहे," ते म्हणाले. "खाली कोण कोण आहे ते काही दिसत नाही." आणि समाधानानं चहा आला का म्हणून वहिनींना विचारायला आत गेले.